जवस: अख्खं, कुटलेलं, भिजवलेलं की तेल?

मराठवाड्यात जवस, पुण्या-मुंबईकडं अळशी, संस्कृतात अतसी आणि मॉलच्या फळीवर फ्लॅक्स सीड्स. चारी नावं एकाच बीची. लातूर-नांदेडच्या मोंढ्यात पोत्यातून मिळणारं सुटं जवस आणि चकचकीत पाकिटातलं जवस यांत औषधी गुणाचा फरक शोधत बसू नका. फरक असला तर ताजेपणाचा, आणि त्यात फाल्गुनात खळ्यावरून आलेलं सुटं जवस बऱ्याचदा वरचढ ठरतं.

"दोन महिने जवस खाल्लं, काही फरक नाही" ही तक्रार मात्र नेहमीची. खोदून विचारलं की कळतं, कोलेस्टेरॉलसाठी अख्खे दाणे पाण्याबरोबर गिळले होते. किंवा बद्धकोष्ठासाठी जवसाचं तेल घेतलं होतं. जवस बरोबर होतं, रूप चुकलं होतं.

दाण्याची रचना ध्यानात घेतली की बाकीचं आपोआप उलगडतं. वरच्या टरफलात बुळबुळीत डिंक असतो. तो पाणी पिऊन फुगतो, आणि त्यासाठी दाणा फोडावा लागत नाही. त्याच टरफलात लिग्नान नावाची द्रव्यं असतात. आपल्या आतड्यातले जिवाणू त्यांच्यापासून इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाशी थोडंफार साम्य असलेली संयुगं बनवतात. आतल्या गरात तेल, दाण्याच्या वजनाच्या साधारण ३५ ते ४२ टक्के. त्या तेलाचा निम्मा किंवा त्याहून थोडा जास्त भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा, म्हणजे वनस्पतीतल्या ओमेगा-३ चा. हे तेल आणि लिग्नान अंगी लागायला दाणा फुटायला हवा. टरफल इतकं चिवट आणि गुळगुळीत असतं की दाताखालून निसटलेला दाणा दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा बाहेर पडतो. म्हणून पोट साफ होण्यासाठी अख्खं किंवा अर्धवट ठेचलेलं जवस चालतं, कोलेस्टेरॉल-रक्तदाबासाठी कुटलेलंच लागतं, आणि नुसत्या तेलातून ओमेगा-३ मिळतं पण चोथा (फायबर) जवळपास शून्य.

आधी नावांचा एक गोंधळ मिटवू. अळशी आणि अळीव ही दोन वेगळी बियाणं. बाळंतिणीला ज्याचे लाडू देतात ते अळीव, बारीक, तांबूस, नावेच्या आकाराचं. कुणीतरी फोनवर "अळशीचे लाडू कर" म्हणतं, ऐकणारी अळीव आणते, किंवा उलटं होतं. कारळ काळं आणि लांबट असतं. सब्जा काळा, त्याला चकाकी नसते. चिया राखाडी, ठिपकेदार आणि गोलसर. जवस तपकिरी, चपटं, एका टोकाला निमुळतं आणि चकचकीत. मूठभर घेऊन मूठ आवळली की दाणे बोटांमधून पाण्यासारखे निसटतात, ही त्याची सोपी ओळख. पिवळं जवसही मिळतं, पण गुणात विशेष फरक नसतो, किंमत तेवढी जास्त.

घेताना तीन गोष्टी पाहा. चार दाणे चावून बघा: चव थोडी शेंगदाण्याच्या अंगानं जाणारी हवी. घशाला खवखव झाली किंवा ऑइलपेंटचा वास आला तर तेल खवट झालंय, सोडून द्या. दुसरं, माती आणि बारीक खडे. जवसाचे आणि मातीचे कण जवळपास एकाच आकाराचे, त्यामुळं चाळणीनं सगळं निघत नाही, सुपात पाखडूनच घ्यावं लागतं. तिसरं सगळ्यांत महत्त्वाचं. पेरणीचं उरलेलं बियाणं कधीही खायला घेऊ नका. लातूरच्या गळीतधान्य संशोधन केंद्राचं एलएसएल ९३ असो की आणखी कुठलं वाण, पिशवीतल्या बियाण्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. त्यावरचा गुलाबी-लाल रंग धुऊन गेला तरी औषध जात नाही. ऑक्टोबरात पेरणी उरकल्यावर घरात किलो-दोन किलो शिल्लक राहतं आणि "फेकायचं कशाला" म्हणून ते कढईत जातं. ते तिथं जाता कामा नये.

जवस धुऊ नका. ज्वारी-गव्हाच्या सवयीनं पाण्यात टाकलं की दोन मिनिटांत टरफलाचा डिंक सुटतो, दाणे एकमेकांना चिकटून गोळा होतो, आणि तो गोळा वाळवायला ठेवला तर आतून आंबतो. पाखडा, निवडा, वाटलं तर किंचित ओल्या फडक्यात घोळवून लगेच कोरड्या फडक्यावर पसरा. तेवढं पुरे.

भाजण्याला मात्र वेळ द्या. एका वेळी पाव किलोच्या वर घेऊ नका. जाड बुडाची किंवा लोखंडी कढई, मंद आच, आणि हात सतत चालता. दोन-तीन मिनिटांनी दाणे तडतडू लागतात, मोहरीसारखे उडतात, म्हणून दुसऱ्या हातात एक पातळ फडकं किंवा जाळीचं झाकण धरा. घट्ट झाकण ठेवलं तर वाफ आत कोंडते आणि दाणे मऊ पडतात. सहा ते आठ मिनिटांत तडतड मंदावते आणि खमंग वास सुटतो. रंग बघून अंदाज करायला गेलात तर फसाल, कारण दाणा मुळातच तपकिरी. दात हीच कसोटी. कच्चा दाणा दाताला चिकट लागतो, भाजलेला कुरकुरीत फुटतो. धूर दिसेपर्यंत थांबलात तर चटणी कडू होणार, आणि ज्या तेलासाठी हा खटाटोप चाललाय तेच जळणार. कढईतून लगेच परातीत काढा. तापलेल्या कढईत राहिलेलं जवस आच बंद केल्यावरही करपत राहतं.

भाजण्याचा आणखी एक उपयोग आहे, त्याबद्दल कमी बोललं जातं. कच्च्या जवसात सायनाइड सोडू शकणारी काही द्रव्यं थोड्या प्रमाणात असतात. दाणा फुटून ओलावा लागला की जवसातलंच एक विकर (एन्झाइम) त्या द्रव्यांवर काम करतं आणि सायनाइड मोकळं होतं. भाजल्यानं ते विकर निकामी होतं. दिवसाच्या एक-दोन चमच्यांत घाबरण्यासारखं काही नाही, शरीर तेवढं सहज निपटतं. पण "नैसर्गिकच आहे" म्हणत कच्च्या जवसाची वाटीभर भुकटी एका दमात स्मूदीत घालणं शहाणपणाचं नाही. कुटलेलं कच्चं जवस कोमट पाण्यात तासन् तास भिजत ठेवणंही टाळा.

कुटण्याआधी जवस पूर्ण गार होऊ द्या. कोमट असताना मिक्सरला लावलं की तेल सुटून भांड्याच्या तळाशी लगदा बसतो. मिक्सर थांबवत-थांबवत चालवा, पाच-पाच सेकंदांचे चार-पाच फेरे. रव्यासारखी भुकटी हवी, लोण्यासारखी नको. खलबत्त्यात कुटलं तर उत्तमच. एका वेळी आठवड्याची भुकटी करा, त्याहून जास्त नको. दाणा अख्खा असेपर्यंत टरफल तेलाला हवेपासून वाचवतं, म्हणून अख्खं जवस कोरड्या डब्यात वर्षभर सहज टिकतं. भुकटी झाली की ते कवच गेलं. त्यात आपल्याकडचा एप्रिल-मे म्हणजे बेचाळीस अंशांचं ऊन. ओट्यावर ठेवलेली बरणी आठ-दहा दिवसांत वास मारायला लागते. काचेची बरणी, घट्ट झाकण, फ्रिजमध्ये. वास आलाच तर तिखट-मीठ वाढवून झाकू नका, टाकून द्या.

मापांचा घोळही इथंच मिटवतो. चहाचा चमचा भुकटी म्हणजे साधारण अडीच ग्रॅम. पोह्यांचा चमचा भुकटी म्हणजे सात ग्रॅम, आणि तोच चमचा अख्ख्या दाण्यांचा भरला तर दहा ग्रॅम. त्या सात ग्रॅम भुकटीतून सुमारे दीड ग्रॅम ओमेगा-३ आणि दोन ग्रॅम चोथा मिळतो. मोठ्या माणसाला दिवसाला या प्रकारचं ओमेगा-३ लागतं एक ते दीड ग्रॅमच्या आसपास. म्हणजे रोजचा एक पोह्यांचा चमचा ती गरज भागवतो. सुरुवात चहाच्या एका चमच्यानं, आठवड्यानं पोह्यांचा एक, चाललं तर पुढं दोन. पहिल्याच दिवशी चार चमचे घेणाऱ्याचं पोट फुगतं, वारा धरतो, आणि दोष जवसाच्या माथी येतो.

आता बद्धकोष्ठ. जवसाचा सर्वांत जुना आणि भरवशाचा उपयोग हाच. युरोपच्या औषध नियामकांनीही जवसाला याच कामासाठी मान्यता दिली आहे. दहा ग्रॅम अख्खं किंवा अर्धवट ठेचलेलं जवस, म्हणजे पोह्यांचा एक सपाट चमचा, आणि त्यावर मोठा पेलाभर पाणी. पाणी हा इथं औषधाचाच भाग आहे. डिंक आतड्यात जाऊन पाणी धरतो, मळ मऊ आणि फुगीर होतो, आतड्याला ढकलायला काहीतरी मिळतं. पाणी न पिता कोरडं जवस घेतलं तर तोच डिंक आतड्यातलं पाणी शोषून घट्ट गोळा होतो आणि असलेला अवरोध वाढवतो. क्वचित प्रसंगी मामला दवाखान्यात दाखल करण्यापर्यंत जातो. उन्हाळ्यात शेतात राबणारा माणूस दिवसभरात पुरेसं पाणी पीत नसेल, तर त्याला आधी पाणी वाढवायला सांगा, मग जवस.

भिजवून घ्यायचं असेल तर पेलाभर पाण्यात चमचाभर अख्खं जवस चार-पाच तास ठेवा. पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं तारेचं होतं. दाण्यांसकट प्या. ज्यांना त्या बुळबुळीची शिसारी येते त्यांनी ताकात घालून, वरून भाजलेल्या जिऱ्याची पूड टाकून घ्यावं, निम्मी बुळबुळ विसरायला होते. पुस्तकात "रात्रभर भिजवा" लिहिलेलं असतं, पण मे महिन्यात परभणी-नांदेडच्या उकाड्यात रात्रभर बाहेर ठेवलेलं पाणी सकाळी आंबूस लागतं. फ्रिजमध्ये ठेवा किंवा पहाटे भिजवा. परिणाम बारा ते चोवीस तासांत दिसायला लागतो, पूर्ण बसायला दोन-तीन दिवस जातात. जुलाबाच्या गोळीसारखी तासाभरात धावपळ होत नाही, आणि तेच बरं. मूळव्याध किंवा फिशर (गुदद्वाराला पडलेली चीर) असलेल्याला मळ मऊ झाल्याचा आराम मिळतो, पण मूळव्याध त्यानं बरी होत नाही. तीन दिवसांत फरक नाही, पोटात कळा, उलटी, वारा सरकत नाही किंवा मळातून रक्त दिसलं तर जवस बंद आणि डॉक्टर चालू.

कोलेस्टेरॉल आणि रक्तदाबाकडं येऊ. इथं भुकटीच, आणि रोज, आणि महिनोन् महिने. वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, जवसाच्या भुकटीनं थोडंसं उतरतं. नुसत्या तेलानं तसा परिणाम दिसत नाही, कारण काम चोथा आणि लिग्नान करतात. रक्तदाबाबद्दल कॅनडात पायाच्या रक्तवाहिन्या आखडलेल्या ११० रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. अर्ध्या लोकांना रोज ३० ग्रॅम कुटलेलं जवस पाव-बिस्किटांसारख्या पदार्थांतून सहा महिने दिलं. वरचा दाब दुसऱ्या गटापेक्षा साधारण दहानं आणि खालचा सातनं कमी राहिला. आकडे मोठे आहेत, पण ते लोक आधीच आजारी होते, बरेच जण गोळ्या घेत होते, आणि मात्रा होती पोह्यांचे चार भरलेले चमचे. चिमूटभर चटणीतून हे होणार नाही आणि हे वाचून कुणी बीपीची किंवा कोलेस्टेरॉलची गोळी बंद करू नये. दाब खरंच उतरला तर गोळी कमी करायची की नाही ते डॉक्टर मोजमाप बघून ठरवतील.

चटणीचा विषय निघालाच आहे तर एक रोखठोक सांगतो. ज्वारीची भाकर, जवसाची चटणी, वर कच्च्या करडईच्या तेलाची धार: याच्यासारखं जेवण नाही. पण रक्तदाबासाठी जवस वाढवायचं म्हणून खारट चटणीचे चार चमचे खाल्ले, तर एका हातानं दिलं ते दुसऱ्या हातानं घेतलं. बीपीवाल्यानं बिनमिठाची भुकटी वेगळी ठेवावी आणि भाजी-वरणावर पेरावी. बाकीच्यांसाठी चटणीचं माप असं: एक वाटी भाजलेलं जवस, दहा-बारा लसूण पाकळ्या, चहाचा एक चमचा जिरं, दीड-दोन चमचे तिखट, एक चमचा मीठ. लसूण कच्चा घातला तर त्याच्या ओलाव्यानं चटणी गोळा धरते आणि लवकर बिघडते. पाकळ्या कढईत कोरड्या परतून, गार करून, शेवटच्या फेऱ्याला टाका. आणि करडईच्या तेलात ओमेगा-३ जवळपास नसतं, त्यात असतं ओमेगा-६. म्हणजे धार चवीसाठी, औषध जवसातच.

मधुमेहात जवसाचा उपयोग चोथ्यापुरता समजा. जेवणातली साखर रक्तात थोडी सावकाश उतरते, इतकंच. भाकरीत घालायचं असेल तर गिरणीत ज्वारीबरोबर जवस दळायला देऊ नका. तेलकट बी दगडाला चिकटतं, गिरणीवाला ओरडतो, आणि तुमच्यामागून येणाऱ्याच्या पिठालाही वास लागतो. शिवाय तसं पीठ डब्यात पंधरा दिवसांत खवट होतं. पीठ मळताना दर दोन भाकरींना पोह्यांचा एक चमचा भुकटी मिसळा. पाणी नेहमीपेक्षा किंचित जास्त लागतं आणि पीठ चिकट येतं. भाकर थापताना कडा कमी फाटतात, हा वरचा फायदा. तव्यावर मात्र डाग लवकर पडतात, आच थोडी कमी ठेवा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर पहिले दोन आठवडे साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा मोजा.

बाकी दाव्यांना लांब ओढत नाही. पाळी जाताना अंगातून येणाऱ्या गरम वाफांवर जवस उतारा म्हणून सांगतात. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खऱ्या जवसाच्या आणि खोट्या वड्यांत फरक आढळला नाही. "जवसानं गुडघ्यातलं वंगण वाढतं" हे भिजवलेल्या दाण्यांची बुळबुळ पाहून काढलेलं अनुमान. तो डिंक आतड्यापर्यंतच जातो, गुडघ्यापर्यंत त्याची वाट नाही. माशाच्या तेलाला पर्याय म्हणाल तर जवसातल्या ओमेगा-३ पैकी फारच थोडा भाग शरीर माशातल्या प्रकारात बदलू शकतं. शाकाहारी माणसाला जवस उपयोगाचंच, पण रक्तातली ट्रायग्लिसराइड नावाची चरबी उतरवायला डॉक्टरांनी माशाच्या तेलाच्या कॅप्सूल दिल्या असतील तर त्यांच्या जागी जवस चालत नाही. केसांना लावायची जेल करायची असेल तर पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात सात-आठ मिनिटं उकळा आणि गरम असतानाच गाळा. केस बसतात छान, वाढत मात्र नाहीत.

कोरड्या खोकल्याचा काढा साधा आणि कामाचा आहे. चहाचा एक चमचा अख्खं जवस, ज्येष्ठमधाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, दीड कप पाणी. पाच मिनिटं मंद उकळून लगेच गाळा. "अजून थोडं उकळू दे" म्हणालात की संपलं. दहाव्या मिनिटाला पाण्याची लापशी होते आणि गाळणीतून थेंब उतरत नाही. घशावर त्या डिंकाचा पातळ लेप बसतो आणि खवखव शमते. कफानं भरलेल्या छातीला याचा उपयोग नाही. ज्येष्ठमधानं रक्तदाब वाढू शकतो, म्हणून बीपीवाल्यांनी नुसत्या जवसाचा घ्यावा. वर्षाच्या आतल्या बाळाला यात मध घालून अजिबात देऊ नये.

पोटीस, म्हणजे गरम पिठाचा गोळा फडक्यात घालून दिलेला शेक, आता घरोघरी विस्मृतीत गेलंय, पण गळू किंवा केसतूड पिकायला लावायला, ठणका कमी करायला ते अजूनही चांगलं. गरम फडक्याचा शेक दोन मिनिटांत गार होतो. जवसाच्या पिठातला डिंक पाणी आणि ऊब दोन्ही धरून ठेवतो, म्हणून हेच पीठ. ४० ग्रॅम जवसाचं बारीक पीठ, म्हणजे पोह्यांचे सहा चमचे, आणि १०० मिलि उकळतं पाणी. पाणी भांड्यात, आणि त्यावर पीठ थोडं-थोडं भुरभुरत ढवळायचं. उलट केलं, पिठावर पाणी ओतलं, तर गुठळ्या होतात आणि त्या गुठळ्यांच्या पोटात कोरडं पीठ राहतं. भांड्याच्या कडेपासून सुटणारा मऊ गोळा झाला की स्वच्छ सुती फडक्यावर करंगळीच्या जाडीएवढा पसरा आणि चारी बाजूंनी घडी घाला. आता थांबा. आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून दहापर्यंत मोजा. हात काढून घ्यावासा वाटला तर ते अजून लावण्याजोगं झालेलं नाही. जवस ऊब इतका वेळ धरतं की वरून कोमट वाटणारं पोटीस आतून पोळू शकतं. पंधरा-वीस मिनिटं ठेवा, गार झालं की काढा, दिवसातून तीन-चार वेळा. दर वेळी नवं पीठ, कालचं गरम करून नको, आंबतं. खवट पिठाचं तर मुळीच नको, त्यानं कातडी चुरचुरते आणि पुरळ उठतं. मधुमेहामुळं पायाची संवेदना गेलेल्या माणसाच्या पायाला हे लावू नका, त्याला पोळल्याचं कळणारच नाही. फुटलेल्या गळवावर नको. नाकावर किंवा वरच्या ओठावर गळू असेल, ताप असेल, लाली पसरत असेल, तर पोटीस बाजूला ठेवून दवाखाना गाठा.

अंग भाजल्यावर चुन्याची निवळी आणि जवसाचं तेल समभाग घोटून लावायची चाल आपल्याकडं होती. स्कॉटलंडच्या कॅरन इथल्या लोखंडाच्या कारखान्यात भाजलेल्या कामगारांना हेच मिश्रण लावत, म्हणून इंग्रजीत त्याला कॅरन ऑइल नाव पडलं. आज ते लावू नये. भाजलेल्या जागेवर तेलाचा थर बसला की ऊब आत कोंडते, आणि दवाखान्यात तो थर खरवडून काढताना रोगी बेजार होतो. वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं, स्वच्छ कोरडं फडकं, आणि डॉक्टर.

खायचं जवसाचं तेल लाकडी घाण्याचं, कच्चं, गडद बाटलीतलं घ्या. फोडणीला अजिबात वापरू नका, १०७ अंशांच्या आसपासच ते धुरकटतं. चहाचा एक चमचा भातावर किंवा चटणीवर पुरे, तेवढ्यातच दोन-अडीच ग्रॅम ओमेगा-३ असतं. बाटली फोडली की फ्रिजमध्ये, आणि दीड-दोन महिन्यांत संपवा. हार्डवेअरच्या दुकानात सुतार-रंगाऱ्यांसाठी मिळणारं बेलतेल हेही जवसाचंच, पण उकळून त्यात लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात. ते पोटात जाता कामा नये, अंगाला लावायलाही नको. त्या तेलानं भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

कुणी जरा दमानं घ्यावं? रक्त पातळ होण्याच्या गोळ्या, म्हणजे वॉर्फरिन, क्लोपिडोग्रेल, अ‍ॅस्पिरिन चालू असलेल्यांनी विचारल्याशिवाय रोजची मोठी मात्रा सुरू करू नये, आणि ऑपरेशन ठरलं असेल तर डॉक्टरांना जवसाचंही सांगावं. थायरॉईडची सकाळची गोळी आणि जवस यांत चार तासांचं अंतर ठेवा, बाकीच्या गोळ्यांना तासभर पुरे. डिंक औषधाला लपेटून त्याचं शोषण लांबवतो. गरोदरपणात आणि स्तनाच्या किंवा गर्भाशयाच्या कर्करोगाच्या उपचारांत, लिग्नानमुळं, चटणीपुरतं ठीक, औषधाच्या मात्रेत डॉक्टरांच्या सल्ल्यानंच. आतडं आखडलेलं असणं, गिळायला त्रास होणं, अंथरुणाला खिळलेला म्हातारा माणूस, यांना अख्खं जवस देऊ नका. मूत्रपिंडाच्या आजारात पाणी मोजून प्यायला सांगितलेलं असेल तर तिथं जवस बसतच नाही, कारण त्याची पहिली अटच भरपूर पाणी.

आयुर्वेदाचा हवाला देऊन जवस सगळ्यांना सगळ्यावर सांगणाऱ्यांनी भावप्रकाश हा आयुर्वेदाचा जुना ग्रंथ एकदा उघडावा. त्यात अतसी वातनाशक म्हटली आहे खरी, पण पचायला जड आणि उष्णही म्हटली आहे, आणि दृष्टी व शुक्राला मारक असल्याचंही त्याच श्लोकात आहे. अर्धा श्लोक सांगायचा आणि अर्धा गिळायचा, ही सोय बरी नव्हे.

जाता जाता गोठ्याचं. दुभत्या जनावराला जवसाची पेंड चांगली, पण ती कोमट पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी वासरापुढं ठेवण्याची पद्धत धोक्याची. वर सांगितलेलं विकर कोमट पाण्यातच जोरात काम करतं, आणि वासराच्या छोट्या शरीराला तेवढं सायनाइड पुष्कळ होतं. पेंड उकळत्या पाण्यात टाकून दहा मिनिटं शिजवा, गार करून द्या. नाहीतर कोरडी, सुग्रासात (तयार पशुखाद्यात) मिसळून.